अचलांची चाल : महाबळेश्वराहून कोयनेकडे

महाबळेश्वरास जाऊन आलेल्या मंडळींस तेथें काय पाहिलें असें विचारिलें, तर उत्तर बहुधा ठरलेलें असतें. ऑर्थर सीटची दरी, मुंबई पॉइंटवरील सूर्यास्त, वेण्णा तलावांतील नौकाविहार आणि परततांना घेतलेल्या स्ट्रॉबेरीच्या टोपल्या. हें सर्व पाहण्यासारखें आहे ह्यांत शंका नाहीं. परंतु ह्याच डोंगरावर उगम पावणारी एक नदी दक्षिणेकडे पन्नास-साठ किलोमीटर वाहत गेल्यावर अशा एका ठिकाणीं पोहोंचते, कीं ज्याचें नांव जगांतील भूकंपशास्त्राच्या अभ्यासकांस पाठ असतें. त्या वाटेनें जाण्याची इच्छा फार थोड्या प्रवाशांस होते. प्रस्तुत लेखांत वाचकांस त्या वाटेनें नेण्याचा, आणि धरणीकंप मोजण्याचें जें एक नवें साधन आपल्या पिढीस आकाशमार्गानें लाभलें आहे त्याची ओळख करून देण्याचा आमचा विचार आहे.

आपल्याकडे पर्वतास 'अचल' म्हणतात आणि पृथ्वीस 'अचला'. हीं नांवें निश्चिंत मनानें ठेविलेलीं दिसतात. पण आपल्या पूर्वजांसही ह्या बाबतींत शंका होतीच. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत भूकंपाच्या लक्षणांचा एक स्वतंत्र अध्याय आहे. भूकंप कशानें होतो, ह्याविषयीं निरनिराळ्या आचार्यांचीं मतें त्यांत दिलीं आहेत. कोणी तो समुद्रांतील प्रचंड जलचरांच्या माथीं मारतात, कोणी थकलेल्या दिग्गजांच्या, तर कोणी एकमेकांवर आदळणाऱ्या वायूंच्या. त्याच अध्यायांत अशी कथा आहे, कीं पूर्वीं पर्वतांस पंख होते व त्यांच्या उडण्या-बसण्यानें पृथ्वी हादरत असे. तेव्हां तिनें ब्रह्मदेवाकडे गाऱ्हाणें नेलें, कीं आपण मला दिलेलें अचला हें नांव ह्या चालत्या अचलांनीं खोटें पाडलें आहे. पुढें इंद्रानें पर्वतांचे पंख छाटले. कथा कथेच्या ठिकाणीं राहो. परंतु आजची मोजणी पाहिली म्हणजे पृथ्वीच्या त्या गाऱ्हाण्यांत कांहीं अर्थ होता असें म्हणावेसें वाटतें.

क्षेत्र महाबळेश्वर हें गांवापासून पांच-सहा किलोमीटरांवर आहे. गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांनीं १८२८-२९ च्या सुमारास साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशीं करार करून थंड हवेचें ठिकाण वसविलें, त्यास माल्कमपेठ हें नांव पडलें. क्षेत्राची प्राचीनता त्याहून पुष्कळच अधिक. येथील पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री ह्या पांच नद्यांचें पाणी एकत्र होऊन गोमुखांतून पडतें. सावित्री पश्चिमेस कोंकणांत उतरून अरबी समुद्रास मिळते. कृष्णा पूर्वेची वाट धरून बंगालच्या उपसागरास जाते. कोयनेची तऱ्हा ह्या दोघींहून निराळी. ती सह्याद्रीच्या कण्यास समांतर अशी दक्षिणेकडे निघते, हेळवाकापाशीं एकाएकीं पूर्वेस वळते, आणि कऱ्हाडास कृष्णेला समोरासमोर येऊन भेटते. नदीनें इतका सरळ मार्ग धरावा आणि मग इतक्या अकस्मात् वळावें, ह्यांत भूगर्भशास्त्रज्ञांस खडकांतील जुन्या भेगांचा हात दिसतो.

ऑर्थर सीटवरून खालीं पाहिलें म्हणजे काळ्या खडकाचे थर पायऱ्यांप्रमाणें एकावर एक रचलेले दिसतात. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून लाव्हारस पुन्हा पुन्हा वर आला, पसरला, थंड झाला, आणि त्या थरांचेंच दख्खनचें पठार बनलें. डोंगरमाथ्यावरील तांबडा जांभा हा त्याच खडकाचा, ऊन-पावसानें झिजून मागें उरलेला अवशेष. हा देखावा इतका भक्कम आहे, कीं ही भूमि हलेल असें मनांतही येत नाहीं. हिमालय वयानें तरुण आणि स्वभावानें अस्वस्थ. दख्खन वृद्ध आणि स्थिर, असाच शास्त्रज्ञांचाही दीर्घकाळ समज होता. तो समज १९६७ सालीं मोडला.

महाबळेश्वराहून तापोळ्यास उतरणारा रस्ता दाट झाडींतून व वळणावळणांनीं जातो. तापोळ्यास पोहोंचलें म्हणजे डोंगरांच्या कुशींत दूरवर पसरलेलें पाणी दिसतें. हाच शिवसागर जलाशय. येथून लाँचनें बामणोलीकडे किंवा वासोट्याच्या पायथ्याकडे जातां येतें. पाण्याच्या दोहों बाजूंस जंगल, मधूनच एखादी बुडालेल्या वाटेची खूण, आणि सर्वत्र शांतता. ह्या शांततेचा उगम मात्र मनुष्याच्या कर्तृत्वांत आहे. येथून खूप दूर, दक्षिणेस, हेळवाकाजवळ कोयनेवर १०३ मीटर उंचीचें धरण बांधलें गेलें, आणि १९६१-६२ च्या सुमारास त्यामागें पाणी साठूं लागलें. आज जलाशय भरला म्हणजे त्यांत सुमारें १०५ अब्ज घनफूट पाणी मावतें. वजनांत सांगावयाचें तर जवळजवळ तीनशें कोटी टन. महाराष्ट्राच्या घराघरांत दिवा लागला, गिरण्या-कारखाने चालले, त्यांत ह्या पाण्याचा वांटा फार मोठा आहे.

पाणी साठूं लागल्यावर थोड्याच काळांत त्या परिसरांत लहान लहान धक्के जाणवूं लागले. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत् संशोधन केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं त्यांची दखल घेतली, आणि साठाच्या दशकांतच कोयनेच्या आसपास भूकंपलेखक बसले. त्यांतील एक ठाणें महाबळेश्वरासही होतें. म्हणजे पर्यटक सूर्यास्त पाहत असतां ह्याच डोंगरावर एक यंत्र जमिनीची नाडी पाहत होतें. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे ४ वाजून २१ मिनिटांनीं, गांवेंच्या गांवें साखरझोपेंत असतां, कोयनानगर परिसरांत ६·३ प्रतीचा भूकंप झाला. सुमारें १८० ते २०० माणसें मृत्यु पावलीं, हजारों जखमी झालीं, आणि कोयनानगर व आसपासच्या खेड्यांतील घरें मोठ्या संख्येनें कोसळलीं. मुंबईचा वीजपुरवठा तुटला. दोणिचावाड्याजवळ जमिनीस भेगा पडल्या. धरणाच्या भिंतीसही आडवे तडे गेले. परंतु धरण उभें राहिलें, आणि पुढें काँक्रीटची जोड देऊन तें बळकट करण्यांत आलें.

धरणाच्या पाण्यानें भूकंप कसा व्हावा, हा प्रश्न कोणाच्याही मनांत येईल. ह्याचें उत्तर आतां बरेंच स्पष्ट झालें आहे. जमिनीच्या पोटांतील भेगेवर शतकानुशतकें ताण सांचत असतो, पण दोहों बाजूंच्या खडकांच्या घर्षणानें ती भेग आवळून धरलेली असते. वर प्रचंड जलाशय झाला म्हणजे पाण्याचें वजन तर पडतेंच. शिवाय पाणी खडकांतील फटींतून खोल झिरपतें व तेथें त्याचा दाब वाढतो. त्या दाबानें आवळलेली पकड सैल होते आणि मुळांतच सुटूं पाहणारी भेग सुटते. पाणी ताण निर्माण करीत नाहीं. तें फक्त कडी काढतें. डॉ. हर्ष गुप्ता व बी. के. रस्तोगी ह्यांनीं १९७६ सालीं 'डॅम्स अँड अर्थक्वेक्स' हा ग्रंथ प्रसिद्ध करून ह्या विषयाची सांगोपांग चर्चा केली. पुढें १९८५ पासून दक्षिणेस, सांगली जिल्ह्याच्या हद्दीवर, वारणेचा जलाशय भरूं लागला आणि धक्क्यांचें क्षेत्र त्याही बाजूस पसरलें. तेव्हांपासून आजपर्यंत ह्या अवघ्या वीस-तीस किलोमीटरांच्या पट्ट्यांत हजारों लहान भूकंप झाले आहेत. बहुतेक दहा किलोमीटरांहून कमी खोलीवरचे. आणि पावसाळ्यांत जलाशय भरल्यानंतर त्यांची संख्या वाढते असा अनुभव आहे. एवढ्या लहान क्षेत्रांत, एवढ्या नियमानें भूकंप होणारी अशी दुसरी जागा जगांत मिळणें कठीण. म्हणूनच कऱ्हाडाजवळ हजारमाची येथें केंद्रसरकारच्या भूविज्ञान खात्यानें प्रयोगशाळा स्थापिली, आणि २०१७ सालीं गोठणें येथें तीन किलोमीटर खोल विवर खोदून पूर्ण केलें. ऑर्थर सीटवरून दिसणारा तो काळा खडक तेथें सुमारें सव्वा किलोमीटर जाडीचा निघाला. त्याखालीं अतिप्राचीन ग्रॅनाइटासारखा पाषाण लागला.

आतां मोजणीच्या मुख्य विषयाकडे वळूं. जमीन हलूं लागली म्हणजे तिच्यावरील सर्वच वस्तु हलतात. मग हालचाल मोजावयाची ती कशाच्या मानानें? जुन्या भूकंपलेखकानें ह्यावर नामी तोड काढली. एक जड लोलक टांगावा. जमीन एकदम सरकली तरी जडत्वामुळें लोलक क्षणभर मागें रेंगाळतो. दोहोंमधील फरक लिहून घेतला, कीं झाली कंपाची नोंद. हें यंत्र इतकें हळवें असतें, कीं हजारों मैलांवरील भूकंपाची चाहूल त्यास लागते. परंतु त्यांत दोन उणिवा आहेत. भूकंप जवळचा आणि मोठा असला, कीं हळव्या यंत्राची लेखणी कागदाबाहेर जाते आणि नेमक्या महत्त्वाच्या क्षणीं नोंद हुकते. त्यासाठीं दणकट असे त्वरणलेखक करतात. कोयनेच्या धरणांत असें एक यंत्र १९६७ सालीं बसविलेलें होतें व त्यानें जमिनीला बसलेल्या हिसक्याची नोंद घेतली. तो हिसका गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याहूनही अधिक होता. ती नोंद आजही जगभरचे धरणशास्त्रज्ञ अभ्यासतात.

दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. त्वरणलेखक हिसका सांगतो, पण जमीन शेवटीं किती सरकून कोठें स्थिरावली, हें सांगत नाहीं. तें हिशेबानें काढावें लागतें. हिसक्याची बेरीज करून वेग, आणि वेगाची बेरीज करून अंतर. घरच्या जमाखर्चांत पहिल्याच दिवशीं एका दमडीचा फरक पडला आणि तो रोज पुढें ओढला, तर वर्षअखेरीस शिल्लक भलतीच दिसते. येथेंही तसेंच होतें. यंत्र किंचित् कलंडलें तरी त्याचा आंकडा दोन बेरजांनंतर कित्येक मीटरांचा होऊन बसतो. तापोळ्याच्या लाँचमध्यें डोळे मिटून बसावें म्हणजे हें चांगलें समजतें. बोट निघाली, थांबली, लाटेवर आपटली, हें सर्व अंगास कळतें. पण आपण किती दूर आलों तें सांगतां येत नाहीं. डोळे उघडून तीराकडे पाहिलें, कीं तें एका दृष्टिक्षेपांत कळतें. जमिनीला असा एखादा तीर हवा होता, कीं जो तिच्याबरोबर हलत नाहीं. तो तीर उपग्रहांनीं दिला.

आमच्या मंडळींत एक वृद्ध आत्याबाई होत्या. लाँचमध्यें पुतण्यानें खिशांतील फोनवर आम्ही नेमके कोठें आहोंत तें दाखविलें, तेव्हां त्यांनीं विचारलें, "अरे, तें यंत्र आभाळांत, आणि आपण ह्या दरींत. आपण कोठें आहोंत तें त्याला कसें दिसतें?" त्यानें उत्तर दिलें, "आजी, त्याला आपण दिसत नाहीं. तें फक्त वेळ सांगतें. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळानें आला ह्यावरून तूं ती किती लांब पडली तें सांगतेस ना? तसेंच हें." आत्याबाईंचें समाधान झालें, आणि आमच्या मतें इतकें सुटसुटीत उत्तर पुस्तकांतही सांपडणार नाहीं.

अमेरिकेच्या जीपीएस योजनेचे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून, दर बारा तासांस किंचित् कमी वेळांत, पृथ्वीभोवतीं फिरतात. रशिया, युरोप व चीन ह्यांच्याही अशा योजना आहेत. आणि भारतानेंही १ जुलै २०१३ रोजीं आपल्या योजनेंतील पहिला उपग्रह सोडला, तिला पुढें नाविक हें नांव मिळालें. प्रत्येक उपग्रहांत आण्विक घड्याळ असतें व तो आपली वेळ आणि आपलें स्थान सतत प्रक्षेपित करीत असतो. लहर सेकंदास सुमारें तीन लाख किलोमीटर वेगानें येते. तेव्हां ती निघाल्यास किती वेळ झाला हें कळलें, कीं अंतर कळलें. तीन अंतरांवरून जागा ठरते. पण जमिनीवरील ग्राहकाचें घड्याळ स्वस्त व ढिलें असतें, आणि दशलक्षांश सेकंदाची चूकही तीनशें मीटरांची होते; म्हणून त्या घड्याळाची चूक काढण्यासाठीं चौथा उपग्रह लागतो.

खिशांतील फोनाची चूक कांहीं मीटरांची असते. तिनें भूकंप मोजतां येणार नाहीं. शास्त्रज्ञ ह्याहून बारीक युक्ति करतात. लुगड्याची लांबी हातानें मोजावी, आणि उरलेल्या तुकड्याचे धागे मोजावे, तसें ते करतात. उपग्रहाच्या मुख्य लहरींची लांबी अवघी १९ सेंटिमीटर असते. ग्राहक पूर्ण लहरी मोजतो आणि शेवटच्या लहरीचा अंशही पाहतो; त्यामुळें मोजणी मिलिमीटरांच्या घरांत येते. वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरानें लहर रेंगाळते, त्याचा हिशेब दोन निरनिराळ्या लहरींची तुलना करून काढतात. खडकांत पक्का स्तंभ रोवून त्यावर ग्राहक बसविला आणि त्याला सेकंदास एक किंवा त्याहून अधिक वेळां नोंद करावयास लाविलें, म्हणजे भूकंपांत तो खडक कसा हेलकावला आणि अखेर कोठें स्थिरावला, हें दोन्ही सरळ वाचतां येतें. बेरजा नकोत, लेखणी कागदाबाहेर जाण्याची भीति नको.

ह्या रीतीचें सामर्थ्य ठळकपणें प्रत्ययास आलें तें ३ नोव्हेंबर २००२ च्या अलास्कांतील डेनाली भूकंपांत. क्रिस्टीन लार्सन ह्या विदुषीनें व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सेकंदास एक ह्या गतीनें घेतलेल्या नोंदींवरून भूकंपाच्या लाटा प्रत्यक्ष दाखविल्या. त्यांत भूकंपस्थानापासून फार दूरच्या ठाण्यांच्याही नोंदी होत्या. ११ मार्च २०११ रोजीं जपानांत ९·० प्रतीचा भूकंप झाला, तेव्हां लोलकयंत्रांच्या आधारें काढलेला पहिला अंदाज ७·९ इतकाच होता, आणि त्यामुळें पहिल्या इशाऱ्यांत सागरलाटांची उंचीही कमी सांगितली गेली. जपानच्या बाराशेंहून अधिक उपग्रह-ग्राहकांच्या जाळ्यानें मात्र दाखविलें, कीं ओशिका द्वीपकल्प पांच मीटरांहून अधिक पूर्वेकडे सरकलें व एक मीटरांहून अधिक खचलें. हाच आंकडा त्या क्षणीं हाताशीं असता तर इशारा अधिक खरा झाला असता, हा धडा जगानें घेतला. आपल्याकडेही हैदराबादच्या सागरी माहिती केंद्रानें अंदमान-निकोबारांत अशा ग्राहकांचें व त्वरणलेखकांचें जाळें उभारलें आहे. २००४ च्या सागरलाटांची आठवण असणाऱ्यांस त्याचें मोल सांगावयास नको.

तिसरें उदाहरण नेपाळचें. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपांत काठमांडूजवळच्या ग्राहकांनीं सेकंदास पांच नोंदी केल्या. त्यांवरून दिसलें, कीं ती दरी कांहीं सेकंदांत दक्षिणेकडे सरकली आणि उचललीही गेली, आणि तेथील गाळाची भूमि चार-पांच सेकंदांच्या संथ झोक्यांनीं झुलत राहिली. अशा संथ झोक्यांत उंच मनोऱ्यांस धोका अधिक, आणि बसक्या घरांस तुलनेनें कमी. घरें कां वांचलीं आणि मनोरा कां पडला, ह्याचें उत्तर आकाशांतून मिळालें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

आतां आपल्या सह्याद्रीचा विचार करूं. कोयना-वारणेच्या परिसरांत हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेनें भूकंपलेखकांबरोबर उपग्रह-ग्राहकांचींही ठाणीं चालविलीं आहेत. ह्या साधनाकडून येथें काय मिळेल आणि काय मिळणार नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. कोयनेंत नित्य होणारे तीन-चार प्रतीचे धक्के जमिनीला मिलिमीटराच्याही अंशानेंच सरकवितात. ते उपग्रहास दिसणार नाहींत. त्यांसाठीं जुना लोलकच श्रेष्ठ. परंतु १९६७ सारखा भूकंप पुन्हा झाला, तर जवळच्या खडकावरील ग्राहकास कांहीं सेंटिमीटरांची सरक दिसावी असें गणितानें अनुमान करतां येतें; आणि ती सरक कोठें किती झाली ह्यावरून भेग किती लांब फाटली, कोणत्या बाजूस फाटली, हें चटकन् ठरवितां येईल. १९६७ सालीं शास्त्रज्ञांस हें जमिनीवरील भेगा पायीं फिरून व दूरदूरच्या नोंदी जुळवून ठरवावें लागलें.

स्थळाच्या अडचणीही आहेत. महाबळेश्वरीं वर्षास साडेपांच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. दमट हवेंतील बाष्पानें लहर रेंगाळते, आणि ह्याचा परिणाम उंचीच्या मोजणीवर अधिक होतो. म्हणून आडवी सरक जितकी बिनचूक मिळते तितकी उभी मिळत नाहीं. दाट झाडीखालीं आकाश दिसत नाहीं, आणि समोरच्या कड्यावरून परावर्तित झालेली लहर ग्राहकास फसविते. म्हणून ठाणें निवडतांना उघडें आकाश आणि मूळ खडक, दोन्ही लागतात. ज्या सड्यावर उभें राहून आपण दरी न्याहाळतों, तसल्याच जागा शास्त्रज्ञांसही आवडतात, हा एक गमतीचा योग आहे.

धक्क्यांखेरीज आणखी एक हालचाल हीं यंत्रें दाखवितात, आणि तिचा विचार करतां मन थक्क होतें. भारताची सबंध भूमि दर वर्षीं सुमारें पांच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकत आहे. १९६७ च्या त्या पहांटेपासून आजपर्यंत पंचगंगेचें देऊळ, प्रतापगडचे बुरूज, कोयनेचें धरण आणि आपलीं घरें मिळून जवळजवळ तीन मीटर पुढें गेलीं आहेत. सर्व बरोबरच चालल्यामुळें कोणास कांहीं जाणवत नाहीं. ह्याच लोटण्यानें उत्तरेस हिमालय उंच होतो, आणि ह्याच ताणाचा कांहीं अंश दख्खनच्या जुन्या भेगांवर येऊन पडतो. मोठ्या जलाशयांचें पाणी चढलें-उतरलें म्हणजे काठचा खडक किंचित् दबतो व पुन्हा वर येतो, असेंही अशा मोजणीनें दिसून आलें आहे. टिहरीच्या जलाशयाजवळ हें चांगलें अभ्यासिलें गेलें. डोंगर श्वास घेतो असें म्हणणें केवळ कवीचें नव्हे.

ह्या विद्येचा आणखी एक लाभ आपल्या दाराशीं आला आहे. भारतीय सर्वेक्षण विभागानें महाराष्ट्रांत अहोरात्र चालणाऱ्या उपग्रह-ग्राहकांचें जाळें उभारलें असून जमिनीच्या सरकारी मोजणीस त्याचा उपयोग होतो. बांधाच्या भांडणांत पिढ्या घालविलेल्या आपल्या कुटुंबांस ह्याचें महत्त्व सांगावयास नको. ज्या यंत्रानें भाऊबंदांची हद्द ठरते, त्याच जातीचें यंत्र खडकाची सरक टिपतें.

तथापि एका गोष्टीविषयीं वाचकांची समजूत स्वच्छ असावी. हीं साधनें भूकंपाचें भविष्य सांगत नाहींत. अमुक दिवशीं अमुक घटकेस धरणी हलेल असें सांगणारें यंत्र जगांत नाहीं, आणि तसें सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवूं नये. कोयनेच्या बाजूस प्रत्येक धक्क्यानंतर अफवा उठतात, माणसें रात्र अंगणांत काढतात, आणि मग एखादा मोठा धक्का येऊन गेल्यासारखेंच मन थकतें. मोजणी काय देते? भूकंप सुरू झाल्यावर तो केवढा आहे हें सेकंदांच्या हिशेबांत कळतें. मदत कोठें आधीं पाठवावी हें कळतें. धरणाचा माथा किती हलला हें कळतें. आणि पुढच्या घरासाठीं, पुढच्या पुलासाठीं, पुढच्या धरणासाठीं बळाचा आंकडा मिळतो. १९६७ च्या अनुभवावरूनच १९७० सालच्या सुधारित नकाशांत कोयनेचा परिसर भूकंपाच्या चवथ्या विभागांत घातला गेला. स्थिर समजलेल्या भूमीस हा मान मोजणीनें मिळाला.

पण आंकडा कागदावर राहिला तर माणूस वांचत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे लातूर-उस्मानाबादकडे झालेला किल्लारीचा भूकंप प्रतीनें कोयनेच्याच जोडीचा होता. मेलेल्यांची संख्या मात्र दहा हजारांच्या घरांत गेली. तेथील घरांच्या भिंती मातींत रचलेल्या गोल दगडांच्या, दोन-दोन फूट रुंद, आणि वरतीं मातीचें जड माळवद. भिंती फुटल्या आणि माळवद निजलेल्यांच्या अंगावर आलें. भूकंपानें माणसें मारलीं असें आपण म्हणतों. खरें पाहतां तीं घरानें मारलीं. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड मधून मधून घातले, दाराच्या चौकटीच्या वरतीं सिमेंट-काँक्रीटचा अखंड पट्टा घराभोवतीं फिरविला, छप्पर हलकें केलें आणि कोपरे बांधून घेतले, तर तेंच दगडी घर उभें राहण्याची शक्यता पुष्कळ वाढते. ह्याला खर्च येतो, पण लग्नांत वाजंत्र्यांवर होणाऱ्या खर्चाहून तो कांहीं फार नव्हे.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मूळ घरें वाई, सातारा, कऱ्हाड, पाटण, सांगली ह्या बाजूस आहेत. कित्येकांचे वाडे शंभर-दीडशें वर्षांचे असून वडीलधारीं माणसें अद्याप त्यांतच राहतात. उन्हाळ्याच्या सुटींत मुलें-लेंकी तेथेंच जमतात. पुण्या-मुंबईस स्थायिक झालेल्या मुलग्यांनीं अशा वाड्यावर पैसा खर्च करावयाचा म्हटलें म्हणजे तो रंगावर आणि फरशीवर होतो. आमची त्यांस विनंति अशी, कीं ह्या वर्षीं महाबळेश्वरास गेलांत तर परततांना साताऱ्याहून उंब्रज-पाटणच्या रस्त्यानें कोयनानगरास जावें, धरणासमोरच्या नेहरू उद्यानांत घटकाभर बसावें, आणि मग आपल्या गांवीं जाऊन माजघराच्या भिंतीला कोठें फुगवटा आला आहे, कोपरा कोठें सुटला आहे, माळ्यावर किती जड सामान रचलें आहे, हें जाणत्या इंजिनिअरास दाखवावें. आकाशांतलीं घड्याळें आपलें काम दर सेकंदास चोख करीत आहेत. जमिनीवरचें काम घराच्या कर्त्या माणसाकडे आहे.